बाकीची भिंत कुठे आहे?

सोलापूरच्या मुलीला आर्किटेक्चर शिकवताना नवीन असं फार काही शिकवावं लागत नाही. ऊन हा शत्रू आहे, हे ती पाळण्यातच शिकलेली असते. पुढच्या पाच वर्षांत तिला फक्त त्या शत्रूचे डावपेच इंग्रजीतून पाठ करायचे असतात. मी ते केले. पश्चिमेची भिंत बंद ठेवा, दक्षिणेला खोल छज्जा काढा, खिडक्या उत्तरेला घ्या, आणि काहीच सुचलं नाही तर मधे चौक टाका. हा शेवटचा उपाय मला फार मानवला. बँकेत चौक, दवाखान्यात चौक, एसटी स्टँडात चौक. ज्युरीला आलेल्या परीक्षकांनी ‘इथे चौक कशाला?’ विचारलं की ‘हवा खेळती राहते सर’ म्हणायचं. या उत्तरावर महाराष्ट्रात आजवर कुणी नापास झालेलं माझ्या ऐकिवात नाही.

आमच्या पाठीशी थोर माणसंही होती. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी, त्यांचं अहमदाबादचं ‘संगाथ’: अर्धं जमिनीत रुतलेलं, वर कमानदार छपरं, आणि ऊन परतवून लावायला त्यांवर चिनी मातीचे पांढरे तुकडे. २०१८ साली त्यांना प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला तेव्हा आम्ही कॅन्टीनमध्ये असा जल्लोष केला, की नवख्या मुलांना ते आमच्याच कॉलेजचे वाटले. याउलट टेबलावर मात्र न्यूफर्टचं जाडजूड पुस्तक. १९३६ साली जर्मनीत पहिल्यांदा निघालेलं. माणसाला वाकायला, बसायला, कपाट उघडायला किती सेंटिमीटर लागतात, ते त्यात चित्रांसकट दिलेलं आहे. ती मापं प्रमाण मानून मी आमच्या स्वयंपाकघरासाठी भिंतीवरची कपाटं काढली. सुताराने ती इमानदारीत बसवली. आईने एकदा हात वर करून पाहिला आणि म्हणाली, “छान झालंय. शिडी कुठे ठेवायची?”

प्रॅक्टिकल ट्रेनिंगचं सत्र एका ऑफिसात संडास-बाथरूमचे डिटेल काढण्यात गेलं. तिथल्या साइटवर एक वयस्कर मिस्त्री होते. बाथरूमची फरशी बसली की ते तांब्याभर पाणी ओतत आणि मला शेजारी उकिडवं बसवत. पाणी नहाणी ट्रॅपकडे निघालं तर ठीक. माझ्या पहिल्या बाथरूमचं पाणी बेडरूमकडे निघालं.

“कागदावर समदं पानी बरोबर जात होतं की म्याडम,” मिस्त्री म्हणाले. त्यांचा सूर सांत्वनाचा होता, हे जास्त लागलं.

एवढ्या शिदोरीवर मी मास्टर्ससाठी फिनलंडला गेले. एक कारण शिष्यवृत्ती आणि दुसरं तिथले थोर आर्किटेक्ट आल्व्हार आल्टो. ‘आल्टोंच्या देशात चाललेय’ असं सांगितल्यावर बाबांनी विचारलं, “तिथे गाड्यांचा कारखाना आहे का?”

पहिला प्रकल्प पाळणाघराचा होता, हेलसिंकीच्या कडेला, पाइनच्या झाडांत. मी पाच वर्षांची सगळी विद्या त्यात ओतली. मधे चौक, भोवती ओसरी, मुलांचे सगळे वर्ग उत्तरेला, दक्षिणेला खोल छज्जे, पश्चिमेची भिंत बंद आणि जिथे तिथे जाळी. शीट्स लावल्या. आमचे प्राध्यापक, उंच आणि राखाडी स्वेटरमधले, समोर उभे राहून पाहू लागले. पाहतच राहिले. आपल्याकडे ज्युरीत परीक्षक आधी ओरडतो, मग पाहतो. इथे कुणीच बोलेना. ती शांतता मला सोसवेना, म्हणून मी बोलत सुटले. वाडा, तुळस, संध्याकाळचा दिवा, एकत्र कुटुंब, आजीच्या गोष्टी. आमच्या घरात आजीने कधी गोष्ट सांगितलेली नाही, ती रेडिओ ऐकायची. पण मला थांबता येईना. प्राध्यापक नुसते विचार करत होते आणि त्या देशात विचार करताना गप्प राहायची पद्धत आहे, हे मला फार उशिरा कळलं.

शेवटी त्यांनी भिंतीच्या छेदावर पेन्सिल टेकवली. नऊ इंची वीट, दोन्ही बाजूंनी गिलावा.

“बाकीची भिंत कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

मला वाटलं, शीट कापली गेलीय. मी खाली वाकून पाहिलं. शीट पूर्ण होती. तिथल्या हिशेबाने माझी भिंत सुरूच झालेली नव्हती. माझ्या नऊ इंचांएवढं किंवा त्याहून जाड तर नुसतं उष्णतारोधक भरण असतं. त्याच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा पडदा, सांध्यांना चिकटपट्टी मारलेला, नाहीतर खोलीतली दमट हवा भिंतीत शिरते, आतच थंड होऊन तिचं पाणी होतं आणि भिंत कुजते. बाहेरच्या बाजूला वारा अडवणारा थर, मग हवेची फट, मग फळ्या. खिडकीला तीन काचा. ‘हवा खेळती राहते’ हे माझं हुकमी वाक्य मी उच्चारलं, तेव्हा वर्गातल्या एका मुलीने नकळत जाकीट अंगाभोवती ओढून घेतलं.

मग छज्जा.

“हा कशासाठी?”

“ऊन अडवायला.”

वर्गात पहिल्यांदाच हालचाल झाली. हेलसिंकी साठाव्या अक्षांशावर आहे. तिथे डिसेंबरातल्या ऐन दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम सहा-साडेसहा अंश वर येतो आणि सहा तासांच्या आत दिवस आटोपतो. सोलापुरात तोच सूर्य तेव्हा ४९ अंशांच्या आसपास असतो, आणि मे महिन्यात तर थेट टाळूवर. प्राध्यापकांनी कोपऱ्यात एक बारीक रेघ मारून दाखवली. हिवाळ्यातला इतका खालचा सूर्य छज्ज्याखालून सरळ आत शिरणार, म्हणजे माझा छज्जा त्याला अडवूही शकणार नव्हता. पुढे वसंतात, अख्खा हिवाळा अंधारात काढलेली मुलं उन्हाला आसुसलेली असताना, तो इमानेइतबारे अडवणार होता. शिवाय वर्ग सगळे उत्तरेला, म्हणजे तिथे थंडीभर ऊन फिरकणार नाही. दक्षिणेला मी कोठीघर दिलं होतं. पाळणाघरातलं सगळं ऊन मी बटाट्यांना दिलं होतं.

“आणि चौकातल्या बर्फाचं काय?”

“वितळेल.”

“कधी?”

“सकाळी.”

“एप्रिलमध्ये,” ते म्हणाले.

जमिनीवरच्या बर्फाचं वजन तिथे चौरस मीटरला दोनशे किलो किंवा त्याहून जास्त धरून छपराचा हिशेब सुरू होतो. मी वाड्याच्या रिवाजाप्रमाणे चारी छपरांचा उतार आत, चौकाकडे घेतला होता. चौकातलं पाणी वाहून नेणारी मोरी मी विसरले नव्हते, तेवढं माझं ट्रेनिंग पक्कं होतं. ती पहिल्याच थंडीत गोठली असती. एकूण मी एक सुबक हौद बांधला होता, कडेने मुलं ठेवायची सोय असलेला.

राहिलं होतं ते शेजारच्या मुलीने सांगितलं. तिथली मुलं उणे दहातही बाहेर खेळतात आणि तान्ही बाळं बाबागाडीत घालून थंडीत बाहेरच झोपवतात. त्यामुळे पाळणाघरात सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे चिखलाचे बूट आणि भिजलेले कपडे काढायची खोली, तिथे ते सुकवणारी गरम कपाटं. मी दाराशी चपलांसाठी एक कप्पा आणि डबे टांगायला खुंट्या दिल्या होत्या.

मला सूड हवा होता. तो मिळेल असं वाटलं सायनात्सालोत. तिथे आल्टोंनी १९५२ साली पुरं केलेलं विटांचं टाउन हॉल आहे, आणि त्याच्या मधोमध चक्क चौक. मी आनंदाने ओरडलेच. एवढ्याशा गावाला इतकं उंच सभागृह कशाला, असं तिथल्या सदस्यांनी विचारलं तेव्हा आल्टोंनी सिएनाच्या जगप्रसिद्ध टाउन हॉलचा दाखला देऊन आपलं त्याच्याहून एक मीटर उंच हवं असं सुनावलं, अशी गोष्ट सांगतात. हे ऐकून माझी भीड आणखी चेपली. प्राध्यापकांना मी विजयी मुद्रेने चौकाचे फोटो दाखवले. त्यांनी तितक्याच शांतपणे दाखवून दिलं की पाया खणताना निघालेली माती भरून तो चौक मजलाभर वर उचललेला आहे आणि भोवतीच्या इमारती बुटक्या ठेवल्या आहेत. आल्टोंनी मुराट्सालोच्या बेटावर स्वतःसाठी बांधलेल्या घरातही चौक आहे, भिंतींत विटांचे नाना नमुने लावून पाहिलेला. पण आपल्याकडे तुळस असते त्या जागी तिथे शेकोटीचा खड्डा आहे. यावर वाद घालायला मला काही सुचलं नाही.

एक वाद मात्र मी जिंकले. हेलसिंकीत १९६९ सालचं टेम्पेलियाउकिओ चर्च अखंड खडक फोडून आत बांधलेलं आहे. मित्रमंडळी भारावून उभी होती, तेव्हा मी वेरूळच्या कैलास लेण्याचा विषय काढला. आठव्या शतकात, डोंगराच्या माथ्यापासून खाली, कळस आधी आणि पाया शेवटी. सगळे गप्प झाले. या वेळची शांतता कोणती हे मला नीट कळलं आणि मी ती पुरेपूर भोगली. राष्ट्रकूटांनी केलेल्या कामाचं श्रेय मी असं दुपारभर घेतलं.

एरवी परकेपणा वाटला नाही तो घरांच्या दारात आणि संडासात. दारात चपला-बूट काढूनच आत जायचं, आणि संडासात कमोडशेजारी नळीचा फवारा. युरोपात फिरून आलेल्या मराठी माणसाला या नळीचं मोल सांगावं लागत नाही. स्वयंपाकघरात सिंकच्या वर बिनतळाचं कपाट असतं, तारांच्या कप्प्यांचं. धुतलेली भांडी तिथे ठेवायची, पाणी खाली निथळतं. माइयू गेब्हार्ड नावाच्या बाईंनी १९४०च्या दशकात ते फिनलंडमध्ये रूढ केलं. मी ते कौतुकाने आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. “आपल्या भांड्यांच्या स्टँडला दार लावलंय,” ती म्हणाली. “आणि हात पोचतोय बघ त्या बाईचा.”

पुढचा प्रकल्प सार्वजनिक सौनाचा. पंचावन्न लाख लोकवस्तीच्या त्या देशात तीस लाखांच्या आसपास सौना आहेत आणि २०२०मध्ये युनेस्कोने ही परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. अनुभवाशिवाय डिझाइन करायचं नाही, असा दंडक होता. बायकांच्या सौनात वर्गमैत्रिणी सहज, जन्मल्यासारख्या बसल्या होत्या. मी टॉवेल दोन्ही हातांनी धरून. पायऱ्यापायऱ्यांची लाकडी बाकं असतात. एकीने मला खालच्या पायरीवर जागा दाखवली, तिथे लहान मुलं बसतात. मी म्हटलं, आमच्या गावाला मे महिन्यात ४३ अंश असतात. आणि थेट सगळ्यांत वर जाऊन बसले.

वर ऐंशीच्या पुढे होते. तरीही पहिली काही मिनिटं ठीक गेली, कारण तोवर हवा कोरडी होती आणि कोरड्या उन्हात आम्ही वाढलेलो आहोत. मग एकीने ओगराळ्याने तापल्या दगडांवर पाणी ओतलं. वाफ वर येते, हे भौतिकशास्त्र मला दहावीपासून माहीत होतं. आता ते कानांच्या पाळ्यांना कळलं. मी पायऱ्या उतरले की घसरले ते सांगता येणार नाही. बाहेर बर्फात उभी राहिले तेव्हा टॉवेल आतच राहिला होता आणि त्याची मला फिकीर नव्हती.

त्या प्रकल्पाला मात्र चांगले गुण मिळाले. प्राध्यापकांनी कौतुक एकाच गोष्टीचं केलं: न्हाणीच्या फरशीचा उतार आणि पाण्याचा निचरा. दोन देशांत मिळून इतकी वर्षं शिकले, आणि निर्विवाद उत्तम ठरलं ते मिस्त्रींनी तांब्याभर पाण्यात शिकवलेलं.

तोवर माझं मन पालटलं होतं. सूर्य हा आता पाहुणा होता, त्याला घरात घ्यायचं, आणि घराच्या अंगावर छज्ज्यांसारखा फाफटपसारा नको. ही नवी दृष्टी घेऊन मी परत आले, आणि तिचा पहिला मान मिळाला मामांच्या जुळे सोलापुरातल्या बंगल्याला. दिवाणखान्याला नैर्ऋत्येकडे जमिनीपासून छतापर्यंत काच. मामा भाचीच्या पदवीला बिचकून गप्प होते. मिस्त्री तेच, मी मुद्दाम बोलावलेले. त्यांनी ड्रॉइंग आडवंउभं फिरवून पाहिलं.

“छज्जा ऱ्हायला का काढायचा म्याडम?”

मी त्यांना स्वच्छ रेषांबद्दल सांगितलं. “बरं की,” ते म्हणाले.

वास्तुशांत डिसेंबरात झाली. कोवळं ऊन थेट सोफ्यावर, सगळ्यांनी वाखाणलं. एप्रिलमध्ये मामींचा फोन आला.

“अगं, कुरडया फार छान वाळताहेत यंदा.”

“गच्चीत?”

“दिवाणखान्यात. धूळ नाही, कावळे नाहीत. आम्ही जिन्याखाली बसतो.”

मी गेले तेव्हा काचेबाहेर हिरवी शेडनेट, आत वाळ्याचे पडदे आणि त्यांवर पाणी मारत असलेले मामा, असा सरंजाम होता. मिस्त्रींना निरोप धाडला. ते आले, काचेच्या वर गिलावा दोन-तीन ठिकाणी टिचवला आणि आतून वाकवून ठेवलेल्या सळया बाहेर काढून सरळ केल्या.

“लिंटल भरतानाच सोडून ठेवल्या होत्या,” ते म्हणाले. “म्हटलं, लागतील तुमाला.”

मामांनी माझी फी पूर्ण दिली. छज्ज्याचा खर्च मी केला.

तुम्हीही नुकताच परदेशातून शिकून आलेला आर्किटेक्ट नेमणार असाल, तर सही करण्याआधी त्याला मे महिन्यात दुपारी दोन वाजता तुमच्या प्लॉटवर पाऊण तास उभं करा. पाणी द्या. छत्री देऊ नका.