पित्ताची गोळी कशी निवडावी : नवशिक्या डॉक्टरांसाठी

सर्वप्रथम मान्य करा की गोळी आधीच निवडली गेली आहे. मेडिकलवाल्याने निवडली आहे, शेजारच्या काकूंनी तिला दुजोरा दिला आहे. तुमच्याकडे पेशंट फक्त डोस वाढवून घ्यायला आले आहेत. "गोळी घेता का रोज?" विचारलंत तर उत्तर येईल, "छे, रोज कुठे? फक्त सकाळी."

छातीत जळजळ म्हटलं की लगेच पेन उचलू नका. पन्नाशी, घाम, हातात कळ असेल तर आधी ईसीजी. घास अडकतो, वजन उतरलंय, शौचाला काळं होतं, तर दुर्बिणीने तपासणी. इथे विनोद नाही.

आता उरलेले. कधीतरी मिसळीनंतर जळजळणाऱ्याला गुलाबी पातळ औषध पुरतं. त्यातल्या ॲल्युमिनियमने पोट धरतं, मॅग्नेशियमने सुटतं, म्हणून दोन्ही एकाच बाटलीत घालतात. अधूनमधून रात्री त्रास होत असेल तर फॅमोटिडिन. रॅनिटिडिन मागणारे भेटतील. ते २०२२ साली राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळलंय, पण आजोबांच्या डब्यातून नाही.

आठवड्यातून दोन-तीनदा किंवा जास्त त्रास असेल तर पँटोप्राझोलच्या घराण्याकडे वळा. खरी मेख इथे आहे. जठरातले आम्लाचे पंप जेवणाच्या चाहुलीने जागे होतात, आणि ही गोळी जाग्या पंपांनाच कुलूप लावते. म्हणून ती न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. पेशंट ती पोह्यांनंतर घेतो, मग म्हणतो, गुण नाही. अशा वेळी ४० ऐवजी ८० लिहायचा मोह होईल. तो आवरा, घड्याळाबद्दल विचारा. कंपनीचा प्रतिनिधी नवी, महाग गोळी घेऊन बाहेर बसलेला असतो. त्यालाही थोडं बसू द्या.

मग पिशवीतल्या बाकीच्या गोळ्या बघा. हृदयासाठी क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल टाळा, ते त्याचं काम कमी करतं, पँटोप्राझोल बरं. गुडघ्यासाठीची वेदनाशामक गोळी तर जठर सोलते. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन अन्ननलिकेची झडप सैल करू शकते. कधीकधी नवी गोळी लिहिण्याऐवजी जुनी बदलणं हेच औषध ठरतं, पण त्याची फी मागताना जरा अवघड जातं.

चिठ्ठीवर '८ आठवडे' ठळक लिहा. गोळी थांबल्यावर काही दिवस आम्ल उसळून येऊ शकतं, हेही तेव्हाच सांगा. नाही सांगितलंत, तर तिसऱ्या दिवशी पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन तीच गोळी वेगळ्या नावाने आणेल.