एक स्कूप चांगभलं

आमच्या घरात हल्ली कुणी दमत नाही. कुणाचं बी-बारा कमी असतं, कुणाचं डी, कुणाचं लोह. आजोबा मात्र दमायचे. घोंगडं अंथरून आडवे व्हायचे आणि तासाभरानं उठून वैरण कापायला लागायचे. त्यांच्या दमण्याला रिपोर्ट नव्हता, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

माघातल्या एका रविवारी जोतिबाच्या खेट्याला जायचं ठरलं, तेव्हा पिशव्यांत आधी भरले गेले ते डबे. खेटा म्हणजे पहाटे पंचगंगेवर हातपाय धुवायचे, वडणगे, निगवे, कुशिरे करत गायमुखावरून डोंगर चढायचा आणि वाडी रत्नागिरीला देवापुढे उभं राहायचं. कोल्हापूरपासून 17-18 किलोमीटर, तेही अनवाणी. जोतिबा हिमालयाकडे परत निघाला, तेव्हा त्याला थांबवायला अंबाबाई स्वतः अनवाणी चालत गेली, अशी श्रद्धा आहे. तिनं वाटेसाठी काय घेतलं होतं ते कुणी सांगत नाही. प्री-वर्कआउट नसावं.

ते आमच्या भाच्याकडे होतं. भाचा जिमला जातो, म्हणजे जिमचे फोटो येतात. डबा एवढा मोठा, की एरवी त्यात आमची वर्षाची चटणी मावली असती. ज्या गावात गंगावेशीत म्हशीची धार डोळ्यांसमोर ग्लासात काढून देतात आणि तालमीतले पैलवान बदाम-खसखशीची थंडाई घोटतात, त्या गावातलं हे पोरगं निळ्या रंगाचं पाणी पिऊन शिवाजी पूल ओलांडत होतं. कुशिऱ्याला दुसरा स्कूप झाला. "चढ आहे ना मामा," म्हणाला, आणि वर एनर्जी ड्रिंकचा कॅन फोडला.

गायमुखाच्या पायऱ्यांवर त्याचं तोंड लाल झालं. गाल, कान, मान खाजवत तो दोन-दोन पायऱ्या उड्या मारत चढायला लागला. छाती धडधडत होती, हात थरथरत होते. शेजारून चढणाऱ्या एका आजीनं हे पाहिलं आणि हात जोडले. "आलं! पोराच्या अंगात आलं! जोतिबाच्या नावानं चांगभलं!" कमरेची पुडी सोडून तिनं मूठभर गुलाल त्याच्या डोक्यावर टाकला आणि विचारलं, "देवा, नातवाचं लगीन कवा हुईल?"

"आजी, देव नाही, हे बीटा-ॲलानिन आहे."

"कुठला का असंना. लगीन कवा?"

आमच्या नानांनी उभी हयात औषधाच्या दुकानात काढली आहे. त्यांनी भाच्याला पायरीवर बसवलं, पाणी पाजलं आणि चश्मा चढवून डबा वाचायला घेतला. बीटा-ॲलानिननं अंगाला मुंग्या येतात, तासाभरात जातात. त्याला ते घाबरले नाहीत. ते थांबले कॅफीनच्या ओळीवर. एका स्कूपला 200 मिलिग्रॅम. दोनाचे 400. धडधाकट मोठ्या माणसानं अख्ख्या दिवसात घ्यायची साधारण मर्यादा तेवढीच. वर कॅनचे 75, वर वाटेतला चहा. "आणि अजून आठ वाजायचेत, मर्दा!" कॅनवर तर दिवसाला 500 मिलिलिटरच्या वर पिऊ नका, लहान मुलांना आणि गरोदर बायकांना देऊ नका, असं छापलेलंच असतं, पण त्या अक्षरांचा आकार बघता ते मुंग्यांसाठी छापत असावेत. डब्यावर आणखी एक ओळ होती: औषध म्हणून वापरासाठी नाही. नानांनी ती दोनदा वाचली.

पाच-सहा तासांनीसुद्धा यातलं निम्मं कॅफीन अंगातच असतं. पोरगं संध्याकाळी जिमला जातं, स्कूप मारतं, रात्री आढ्याकडे बघत पडतं, सकाळी मलूल उठतं आणि म्हणतं, एनर्जी कमी पडते. डबा महिन्यात संपतो. कंपनीचं चांगभलं.

डबा वाचून झाल्यावर नानांनी बाकीच्यांच्या पिशव्या उघडायला लावल्या. मावशीच्या पिशवीत डी जीवनसत्त्वाच्या पुड्या निघाल्या, 60,000 युनिटच्या. आठवड्याला एक घ्यायची. मावशी रोज घेत होती. "आठवड्याचं कोण ध्यानात ठेवणार? रोज घेतलं की चुकत न्हाई." बी गटातलं जास्तीचं बरंचसं लघवीवाटे निघून जातं, पिवळाधमक रंग दाखवून जातं. डी जात नाही. ते अंगात साठतं, रक्तातलं कॅल्शियम वाढवतं. मग मळमळ, बद्धकोष्ठ, मुतखडा. आणि थकवा. हे शेवटचं ऐकून मावशी पायरीवर बसलीच.

काकू थायरॉइडच्या गोळीबरोबरच लोहाची गोळी घ्यायची, वर चहा. म्हणजे लोहानं थायरॉइडची गोळी अडवायची आणि चहानं लोह. दोन गोळ्यांत चार तासांचं अंतर हवं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण दुसरी गोळी चालू केल्याचं तिनं डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. शिवाय शेजारणीनं दिलेली अश्वगंधा. "झाडपाल्याचं हाय, त्यानं काय हुतंय?" थायरॉइडचे आकडे त्यानं हलतात, क्वचित कुणाच्या यकृतालाही ते सोसत नाही. धोतराही झाडच की, असं नाना पुटपुटले, पण काकू ऐकण्याच्या अंतरावर नसताना.

मेव्हण्यांची पिशवी रिकामी होती. ते शिलाजीत घेऊनच निघाले होते. रात्री त्यांच्या घोरण्यानं भिंतीवरचं कॅलेंडर हलतं, मध्येच श्वास अडकून ते दचकून उठतात आणि दिवसा खुर्चीत पेंगतात. नानांनी त्यांना झोपेची तपासणी करून घ्यायला सांगितलं. "आणि चढताना छातीत दाटलं तर पावडर न्हाई, दवाखाना." मेव्हणे दुखावले. शिलाजीत महागाचं होतं.

राणोजी शिंद्यांनी 1730 साली बांधलेल्या त्या देवळात आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. पायांना फोड आले होते. दर्शन झालं, आणि ओवरीच्या सावलीला सगळं घराणं आडवं पसरलं. कुणाचं काय कमी आहे हे कुणी काढलं नाही. नुसते दमलो होतो. खोबरं खाल्लं आणि अर्ध्या तासात उठून बसलो.

उतरताना ती आजी पुन्हा भेटली. या वेळी सुनेला घेऊन उभी होती. "ह्योच त्यो. देवा, ही सारखी दमती बघा. काय करू?"

भाच्याच्या केसांत गुलाल तसाच होता. त्यानं एकदा नानांकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, आधी रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर."

आजीनं सुनेला कोपरानं ढोसलं. "बघ! न सांगता वळखलं. आता इचार लग्नाचं."