काशीत काय सोडलं?

काशीला गेलं की आवडीचा एखादा पदार्थ कायमचा सोडून यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. महानगरी एक्सप्रेसने कसारा घाट चढल्यापासून आमच्या डब्यात तोच विषय होता. आत्याने कारलं सोडायचं ठरवलं. तिने जन्मात कारलं खाल्लेलं नाही. भावोजींनी "मी राग सोडणार" असं जाहीर केलं, ताई फिसकन हसली आणि ते जे भडकले ते जळगावपर्यंत. माझं काही ठरेना. शेवटी काशीतल्या दुसऱ्या रात्री पोटानेच सोडायला सुरुवात केली.

कारण गोलगप्पे. चौदा. वरचा एक फुकटचा होता, तो धरलेला नाही. हिरवंगार पाणी आणि त्यात कोपरापर्यंत बुडणारा हात. गंगेत माणसाची पापं धुतली जातात, तिथे हात वेगळे कशाला धुवायचे, असा गोलगप्पेवाल्याचा विचार असावा.

या आजाराचं नाव घेणं फार अवघड. हगवण हा चोख मराठी शब्द आहे, पण चारचौघांत तो ओठावर येत नाही. ऑफिसला फोनवर 'जरा बरं नाही', बायकोला 'पोट बिघडलंय', आणि पाहुण्यांसमोर लूज मोशन. इंग्रजीत सांगितलं की त्याचा वास येत नाही. काशीचे लोक 'पेट चल रहा है' म्हणतात. पोट चालत होतं हे खरं. मी धावत होतो.

सकाळी धर्मशाळेत माझ्या खाटेभोवती दरबार भरला. आत्याने पिशवीतून जायफळ काढलं, आणि पाठोपाठ सहाण! शेकडो कोसांच्या यात्रेला दगड घेऊन निघणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. समोरच्या खोलीतल्या चिपळूणच्या काकूंकडे कुड्याचं पाळ होतं. धर्मशाळेच्या रखवालदाराने बेलाचा मुरंबा आणला. विश्वनाथाच्या गावात पान देवाला आणि फळ पोटाला. भावोजी म्हणाले, "हे सगळं सोडा, बूच मारणारी गोळी आहे माझ्याकडे." एका मुद्द्यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं: याला पाणी देऊ नका, दिलं की जातंय.

नेमक्या त्याच मुद्द्यावर सगळे चुकत होते.

हे सांगितलं कोलकात्याहून आलेल्या एका निवृत्त डॉक्टरांनी. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. ताप आहे? रक्त पडतंय? लघवी होतेय? पहिल्या दोन्हींना नाही आणि तिसऱ्याला हो म्हटल्यावर त्यांनी खिशातून जलसंजीवनीचं पाकीट काढलं. ताप किंवा रक्त असताना भावोजींची गोळी घेतली तर घाण आतच कोंडते, म्हणाले. अँटिबायोटिकही बहुतेकांना लागत नाही. प्रवासातलं असलं दुखणं तीन ते पाच दिवसांत आपणहून आवरतं. तोवर अंगातलं पाणी टिकवायचं, एवढंच काम.

"बस, एवढंच?" भावोजी हिरमुसले. आपल्या माणसाला बाटली टांगल्याशिवाय उपचार झाल्यासारखं वाटत नाही. त्यावर डॉक्टरांनी १९७१ची गोष्ट सांगितली. बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरून ठेवली आणि आजाऱ्यांच्या नातेवाइकांनाच पाजायला लावलं. शंभरात तीसेक माणसं दगावत होती, ती चाराच्या आत आली. महालनबीस गेले २०२२ साली. पद्मविभूषण मिळालं पुढच्या वर्षी. आपल्याकडे पुरस्कारही महानगरीसारखे वेळेवरच येतात.

यातली युक्ती मला फार आवडली. पोट कितीही बिघडलं तरी आतडं साखरेला दार उघडतं. तिच्याबरोबर मीठ आत शिरतं आणि मिठामागून पाणी. एकाचं रिझर्व्हेशन असलं की अख्खं कुटुंब डब्यात चढतं, तसंच.

आत्या अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात टाकायला निघाली, तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा ओरडले. अख्खं पाकीट, एक लिटर पाणी. कमी नाही, जास्त नाही. पाकीट मिळालं नाही तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ; चमचा चहाचा. आत्याने चव घेऊन "अळणी आहे" असा निकाल दिला आणि चिमूट सोडायला हात उचलला. तो हात ताईने धरला. माझा जीव वाचवणाऱ्यांत मी ताईलाही धरतो.

दोन दिवस मी घोट घोट पाणी प्यायलो आणि मऊ भात खाल्ला. जायफळही चाटलं, आत्याला कोण दुखवणार?

निघायच्या दिवशी दुर्गाघाटाजवळच्या मराठी गुरुजींनी हातावर पाणी घातलं. आत्याने कारलं सोडलं. भावोजींनी राग सोडला, दक्षिणेवरून घासाघीस होईपर्यंत. गुरुजी माझ्याकडे वळले. मी गंभीरपणे म्हणालो, "गोलगप्पे."

"म्हणजे पाणीपुरीच ना?"

"नाही गुरुजी. पाणीपुरी वेगळी."