खारूदादा

आपल्या भाषेने खारीला परस्पर ताई करून टाकलं आहे. त्यामुळे एक्झॉस्ट फॅनच्या भोकातल्या घरट्यातून ते बोटभर, मिटल्या डोळ्यांचं पिल्लू आमच्या ओट्यावर पडलं, तेव्हा ती ताईच असणार याबद्दल घरात कुणाला शंका आली नाही. टोपलीत ठेवून दिवसभर तिच्या आईची वाट पाहिली. आई फिरकली नाही. संध्याकाळी पिल्लाचं नाव सोनाली ठेवलं आणि तिथेच फसलो.

दर दोन-तीन तासांनी ड्रॉपरने शेळीचं कोमट दूध. पाजून झालं की ओल्या कापसाने बूड हलकेच पुसायचं, कारण एवढ्या वयात खारीला आपलं आपण शूदेखील करता येत नाही. आई चाटून करवते. आमच्या ह्यांनी स्वतःच्या दोन मुलांचं एक दुपटं कधी बदललं नव्हतं, पण सोनालीसाठी ते पहाटे तीनचा गजर लावून उठत. (हे मी दोन्ही मुलांना मुद्दाम फोन करून कळवलं.)

डोळे उघडले, शेपूट झुपकेदार झाली. सोनाली ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात झोपू लागली. सासूबाई तिच्या पाठीवरच्या पट्ट्यांवरून बोट फिरवत म्हणायच्या, "सेतू बांधताना रामरायाने अस्साच हात फिरवला हो."

सहा-सात महिने झाले आणि दोन गोष्टी एकदमच उघडकीला आल्या. सोनाली मुलगा होती. आणि तो वयात आला होता.

ताईचा दादा झाला, आणि दादाही कसला, थेट गल्लीतला! ह्यांचे बूट, हार्मोनियमची मागची फट, देव्हाऱ्याचा खण, सगळीकडे त्याच्या शेंगदाण्यांची कोठारं. जवळ कुणी गेलं की शेपूट फुलवून चिप्‌-चिप्‌-चिप्‌, आणि तिसऱ्या चिपेला दात. सासूबाईंच्या कापूसवाती त्याने घरट्यासाठी जप्त केल्या. कामाच्या मावशी एका हातात केरसुणी आणि दुसऱ्या हातात ढालीसारखं सूप घेऊन केर काढू लागल्या. शास्त्रज्ञांनी ह्या वंशाला 'फुनाम्ब्युलस' म्हणजे दोरीवर चालणारा डोंबारी असं नाव दिलंय. आमचा डोंबारी पडद्याच्या दांडीवरून चालत यायचा आणि नेमका ह्यांच्या टकलावर उतरायचा. शंभर ग्रॅमचा जीव, पण ब्याऐंशी किलोचे हे सोफ्यावर पाय वर घेऊन बसायचे.

त्याचंही बरोबरच होतं म्हणा. खार जात मुळात एकलकोंडी. नर वयात आले की खाण्यावरून, माद्यांवरून त्यांची आपसात जुंपते. बाहेरची खार माणसाला भिते, म्हणून लांबूनच शिव्या देते. ह्याला ती भीतीच आम्ही शिकू दिली नव्हती. त्याच्या लेखी आम्ही आईबाप कुठले? त्याच्या हद्दीत घुसलेल्या, शेपूट झडलेल्या तीन अवजड खारी.

एके दिवशी ह्यांची करंगळी फुटली. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते कशावर तरी झिजवावेच लागतात. डॉक्टरांनी विचारलं, "कोण चावलं?"

"सोनाली," हे कळवळून म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. धनुर्वाताचं इंजेक्शन टोचेपर्यंत खोलीत कुणीच काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनाही प्रसाद मिळाला. बोटाला हळद दाबत त्या बराच वेळ विचार करत होत्या. मग म्हणाल्या, "रामाने हात फिरवला, तेव्हा ती सहा महिन्यांच्या आतलीच असणार."

शेवटी त्याचा पिंजरा गच्चीत, चिकूच्या फांदीला लागून ठेवला. काही दिवस झाडाची सवय होऊ दिली आणि मग दार उघडंच सोडलं. आधी तो दिवसभर हुंदडून रात्री पिंजऱ्यात परतायचा. मग फक्त शेंगदाण्यांपुरता. मग तेवढ्यालाही नाही. ह्यांच्या सदऱ्याचा खिसा मात्र मी अजून झटकून मगच धुवायला टाकते.

आज सकाळी गच्चीत कपडे वाळत घालत होते. चिकूवरून एक खार माझ्याकडे बघून शेपूट उडवत ओरडायला लागली. "सोनाली?" म्हटलं, तर आवाज दुप्पट झाला. मी बादली तिथेच टाकून आत आले. दुपार झाली, हे दाराच्या फटीतून बघतायत, आणि पिळलेले टॉवेल अजून बादलीतच आहेत.