साथीदाराची जागा रिकामी

दरवर्षी १८ मे रोजी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा वर्धापनदिन असतो आणि त्यानिमित्त खरिपाचा शेतकरी मेळावा भरतो. विद्यापीठ १९७२ सालचं, ऊन मात्र पुरातन. मंडपात बियाणं, खतं, औषधं विकणाऱ्या कंपन्यांचे स्टॉल लागतात. कंपनीचा टी-शर्ट घातलेलं पोरगं समोर येईल त्याला 'नमस्कार सर' म्हणतं. ज्याला जन्मात कुणी सर म्हटलेलं नाही, तो आधी मागे वळून बघतो. मग पोरगं पाठ केलेलं सुरू करतं: उगवणशक्ती, बोंडाचं वजन, वेचणीला सोपं. सगळं खरंही असेल. पण मधेच एखादा म्हातारा विचारतो, "ते ऱ्हाऊ द्या. मृगात पडून पुन्हा वीस दिवस खंड पडला, तर तुमचं बी काय करतं?"

पाठांतरात हा प्रश्न नसतो. पोरगं घाम पुसतं आणि पुन्हा उगवणशक्तीपासून सुरुवात करतं.

मोठ्या शहरांतल्या कंपन्यांनी यावर उपाय काढलाय. शिकागोत १९५९ साली 'सेकंड सिटी' नावाची नाटकमंडळी सुरू झाली. संहितेशिवाय, आयत्या वेळी सुचेल तसं रंगवायचं, ही त्यांची ख्याती. समोरचा जे बोलेल ते नाकारायचं नाही. स्वीकारायचं आणि त्यात आपली भर घालायची, हा या खेळाचा पहिला नियम. तो आता साहेबलोकांना हॉटेलच्या हॉलमध्ये शिकवतात. सकाळी दहा ते पाच उत्स्फूर्त व्हायचं, मधे चहा.

आमच्याकडे हे काम गोंधळी करतात. गोंधळमहर्षी राजारामबापू कदम परभणीचेच. लग्नानंतरच्या गोंधळात माहूरच्या रेणुकेला, तुळजापूरच्या भवानीला बोलावणं झालं की आख्यान लागतं. नायक सांगतो, राजा शिकारीला निघाला. लगेच साथीदार विचारतो, "भाकरी बांधून घेतली का?" नायकाला रागावता येत नाही आणि थांबताही येत नाही. तो राजाला भाकरी देतो, भाकरीवर ठेचा देतो, ठेच्यावरून नवरदेवाच्या सासुरवाडीला जातो, तिथल्या जेवणावळीत काय कमी पडलं ते काढतो आणि मांडव हसत असतानाच राजाला पुन्हा रानात नेऊन सोडतो. काही गोंधळ्यांना करपल्लवीही येते. एकाने नुसत्या बोटांच्या खुणा करायच्या आणि लांब उभ्या असलेल्या दुसऱ्याने मंडळींतल्या कुणाचं तरी नाव बिनचूक सांगायचं. आमच्या हापिसात शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ईमेल वाचूनही कळत नाही.

'बनी तो बनी, नहीं तो परभनी' ही म्हण आमच्या गावाला कायमची चिकटली आहे, आणि पुष्कळांना आयत्या वेळचं सुचणं म्हणजे हाच कारभार वाटतो. तसं नसतं. गोंधळ्याला आख्यान मुखोद्गत असतं, म्हणूनच ते सोडून भटकायची त्याची छाती होते. त्या पोराला माहितीपत्रक पाठ होतं, पण कापूस ठाऊक नव्हता. त्याला आठवडाभर खेळ शिकवण्यापेक्षा एक हंगाम मानवत-सेलूकडच्या काळ्या रानात चिखल तुडवायला पाठवलं असतं, तर म्हाताऱ्याला काय विचारायचं हे तरी त्याला सुचलं असतं. जमीन भारी की हलकी? विहिरीला पाणी किती? विक्री तिथून सुरू होते.

आणि साथीदाराचं काय? कुठल्याही बैठकीला बसा. पडद्यावर राजा शिकारीला निघालेला असतो, लक्ष्य मोठं असतं, सगळे माना डोलावत असतात. भाकरीचं कुणीच विचारत नाही. एखाद्याने विचारलंच, तर वर्षअखेरीच्या शेऱ्यात 'सकारात्मक दृष्टिकोनाचा अभाव' असं येतं. वास्तविक हे पगारी पद हवं. पण कंपनीने ते कधी भरलंच, तर अकरा महिन्यांच्या कंत्राटावर भरेल, आणि पहिल्याच बैठकीत त्याला सांगितलं जाईल, "प्रश्न शेवटी, वेळ उरला तर."