शाळा फुकट, वाट महाग

पुनावळे, ताथवडे, रावेत, मोशी, चऱ्होली. पुण्यालगतच्या या पट्ट्यातला प्रत्येक टॉवर कोणीतरी हातांनी बांधला. बांधणारा तिथेच, पत्र्याच्या खोलीत, बायकापोरांसह राहिला. फ्लॅटच्या जाहिरातीत शाळा पाच मिनिटांवर होती. पत्र्याच्या खोलीतल्या पोरांना ती पाच मिनिटं कधी ओलांडताच आली नाहीत.

सरकारी शाळा मोफत आहे, यात वाद नाही. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क मिळाला. १ एप्रिल २०१० पासून त्याचा कायदा लागू झाला. फी नाही, पुस्तकं फुकट, दुपारची खिचडी फुकट. मग पोरं वाळूच्या ढिगावर काय करतात?

आईबाप सकाळीच कामाला लागतात आणि शाळा हायवेपलीकडे असते.

इतकं साधं उत्तर आहे. त्यासाठी समिती नको, अहवाल नको. ज्या रस्त्यावर कंटेनर थांबत नाहीत, तो रस्ता सात वर्षांच्या पोरीने एकटीने कसा ओलांडायचा?

हे कोडं महापालिकेने नाही, एका संस्थेने सोडवायला घेतलं. रजनी परांजपे या समाजकार्याच्या प्राध्यापक आणि बीना शेठ लष्करी ही त्यांची विद्यार्थिनी. दोघींनी १९८८ मध्ये मुंबईत 'डोअर स्टेप स्कूल' सुरू केलं. १९९३ पासून परांजपेंनी पुण्यात काम उभं केलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या दारात न्यायची. बसमध्ये फळा लावला, साइटवर वर्ग भरवले. पुढे त्याहून मोलाचं काम हाती घेतलं: साइटवरून मुलांना उचलायचं, पालिकेच्या शाळेत सोडायचं आणि शाळा सुटली की परत आणायचं.

कायदा दिल्लीने केला. गाडी संस्थेने आणली.

या कामाचा कस सकाळी लागतो. संस्थेची ताई पत्र्याच्या खोल्यांच्या ओळींतून हाका मारत फिरते. एकीची वेणी राहिलेली, दुसऱ्याचं दप्तर सापडत नाही, तिसरीच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ. त्याला कुठे ठेवणार? म्हणून साइटवर पाळणाघरही चालवावं लागतं. धाकट्याची सोय झाली, तरच थोरली शाळेची पायरी चढते.

आता हे पाळणाघर कोणी चालवायचं होतं? बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने पन्नासहून जास्त स्त्री कामगार असलेल्या साइटवर ते सक्तीचं केलं होतं. आणि जिथे वीस बाया विटा उचलतात, तिथली लेकरं? त्यांच्याबद्दल कायदा गप्प बसला.

स्लॅब झाला, की बिऱ्हाड हललं. मोशीचं काम संपतं, मुकादम चाकणला घेऊन जातो. पोराचं नाव राहतं महापालिकेच्या पटावर आणि पोर जातं जिल्हा परिषदेच्या हद्दीत. दोन्ही कार्यालयांचे कागद बरोबर. पोर मात्र कुठल्याच वर्गात नाही.

कागदांचंच म्हणाल, तर कायदा स्वच्छ आहे. मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा. दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने नाव घालायचं थांबायचं नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणून कोणाला परत पाठवायचं नाही. हे सगळं छापलेलं आहे. कलबुर्गीहून आलेल्या गवंड्याला ते सांगणार कोण?

ताईच सांगते. त्याच्याबरोबर शाळेत जाते आणि मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर उभी राहते. गरिबाला हक्क असतात. हक्क वाजवून मागणारं माणूस नसतं.

खासगी शाळांतल्या राखीव पंचवीस टक्के जागांचं नाव तर या वस्तीत काढूच नका. ऑनलाइन अर्ज, सोडत आणि राहण्याचा पुरावा. भाड्याचं घर असेल तर नोंदणी केलेला भाडेकरार. पत्र्याच्या खोलीचा भाडेकरार कोण करून देणार? सर्वांत गरीब मुलासाठी ठेवलेली जागा सर्वांत गरीब मुलाच्या कागदांत बसत नाही.

आणि पैसा नाही, ही सबब तर नकोच. बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर कामगारांसाठीच गोळा होतो. कल्याणकारी मंडळ नोंदीत कामगाराच्या पहिली ते सातवीतल्या मुलाला वर्षाला अडीच हजार रुपये देतं. अटी दोन. बापाने नव्वद दिवस काम केल्याचा दाखला आणायचा आणि मुलाची हजेरी पंचाहत्तर टक्के हवी. हजेरी भरावी म्हणून मदत हवी. इथे हजेरी भरली तर मदत मिळते.

चाकणकडे पाहू. जगभरच्या गाड्या इथे बनतात. २०१३ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावलं. त्यातून शाळांच्या भिंती रंगतात, बाकं येतात, डिजिटल फळे लागतात. ते हवंच. पण मूल तिथपर्यंत नेणाऱ्या गाडीला पैसे मागा, की हात आखडतो. बाकावर कंपनीचं नाव रंगवता येतं, डिझेलवर येत नाही.

गाड्यांच्या गावात पोरांना गाडी नाही!

सरकारने काहीच केलं नाही, असं नाही. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलं शोधली. नोंद झालेल्या मुलाच्या बोटाला शाई लावली. मतदान एका दिवसात होतं, शिक्षण होत नाही. बोटाला लागलेली शाई वहीपर्यंत पोचली का, हे बघायला कोण गेलं?

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. आज बाप पाठवायला तयार आहे, पोचवणारं कोणी नाही. मग आज दंड कोणाला व्हायला हवा?

संस्था करते आहे ना, मग झालं, असं म्हणणारे खूप भेटतात. नाही झालं. देणगी आटली की गाडी थांबते, आणि हक्क देणगीवर चालत नसतो. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे, असं २००९ च्या कायद्यातच लिहिलं आहे. संस्थेने वाट दाखवली. त्या वाटेवर आयुष्यभर ओझं तिनेच वाहायचं, असं कुठे ठरलंय?

उपाय अवघड नाही. इमारतीच्या नकाशात पार्किंगच्या जागा मोजून दाखवाव्या लागतात. तसाच बिल्डरकडून जोत्याच्या दाखल्यापासून भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत दर तीन महिन्यांनी आणखी एक कागद घ्या. साइटवर सहा ते चौदा वयाची मुलं किती, कोणत्या शाळेत, नेतो-आणतो कोण. कागद आला नाही, तर पुढचा स्लॅब थांबवा. ज्या दिवशी पहिला स्लॅब थांबेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी साइटच्या गेटवर शाळेची गाडी उभी असेल.

तोवर गाडी चालवणाऱ्या संस्थांना मनापासून मदत करू. आणि डिझेलच्या प्रत्येक बिलाची एक प्रत महापालिका आयुक्तांना पाठवू.