गवताचं भाडं

— अगं, टोमॅटोंना नंतर घाल पाणी, आधी इकडे ये. हायवेकडच्या त्या म्हातारबांच्या रानात यंदा मका नाही, नुसतं गवत. बघितलंस ना?

— हो काकू. मला वाटलं, आता झेपत नसेल त्यांना.

— कसलं झेपेना! सरकार भाडं देतंय. पीक काढू नये म्हणून!

— पडीक ठेवायचे पैसे? आमचे आजोबा काठी घेऊन धावले असते. बांधावरची वीतभर जागा सोडायचे नाहीत ते.

— आयोवात राहतेस आणि सीआरपी ठाऊक नाही? रेगनच्या काळापासूनची योजना आहे, १९८५ ची. तेव्हा धान्याचे भाव पडलेले, माती वाहून चाललेली. म्हणून धुपणारी जमीन दहा ते पंधरा वर्षं गवताखाली ठेवायची आणि दरवर्षी एकरी भाडं घ्यायचं. गवत पेरायचा निम्मा खर्चही सरकारचा.

— म्हणजे आयतीच कमाई.

— तसं नाही हं. परवा भर उन्हात त्यांचा मुलगा पाठीवर पंप अडकवून थिसलचं एकेक झुडूप हुडकून मारत होता. तण माजलेलं चालत नाही. बरं, १५ मे ते १ ऑगस्ट गवत कापायचं नाही, फेझंटची अंडी असतात त्यात. आणि करार मधेच मोडला, तर घेतलेला पैसा व्याजासकट परत, वर दंड.

— तरी मिळतात किती हो?

— माणशी वर्षाला ५० हजार डॉलरच्या वर नाही. आता बायकोचं नाव, मुलाचं नाव वेगळं लावलं, तर कोण बघतंय म्हणा! एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप म्हणून एक संस्था आहे, तिने १९९५ पासूनची अनुदानं नावानिशी इंटरनेटवर मांडून ठेवलीत. काउंटी निवडली की यादी हजर. काका ‘झोप आता’ म्हणत राहिले, पण माझा हात थांबेना.

— काकू! आणि मला सांगितलं नाहीत?

— आता सांगतेय ना! नदीकडच्या तुकड्याचा मालक कुठे राहतो माहितेय? अ‍ॅरिझोनात! आयत्या बिळावर नागोबा. कसत होता तो बेकरीवालीचा जावई. खंडाचा करार संपला, मालकाने नवा केला नाही, जमीन गवताला दिली. पोराच्या डोक्यावर ट्रॅक्टरचे हप्ते. इथली निम्म्याहून अधिक शेतजमीन खंडानेच कसली जाते, म्हणजे असे किती असतील बघ.

— मग बंदच करावी ही योजना.

— छे गं! २००७ मध्ये देशभरात साडेतीन कोटी एकरांच्या वर जमीन होती यात. इथेनॉलने मक्याचा भाव चढवला, तसे करार संपले की लोकांनी नांगर घातले. आपल्या मागच्या ओढ्याला तेव्हापासून पहिल्या पावसात चहाचा रंग येतो.

— पण सगळ्यांनीच गवत लावलं तर?

— तसं करता येत नाही. काउंटीतल्या पिकाऊ जमिनीपैकी साधारण पाव हिश्शालाच परवानगी. नाहीतर खत-बियाणंवाल्यांनी दुकानाला कुलूपच लावायचं! माझं विचारशील, तर उतारावरच्या रानाला भाडं जरूर द्यावं, म्हातारबांचं रान तसलंच आहे. नदीकडची सपाट काळी जमीन मात्र कसणाऱ्याकडेच राहू द्यावी. अ‍ॅरिझोनात बसून आयोवाची माती राखतोय म्हणे!